हॉस्पिटलवरचा मूकपट, आणि शेवटी 'सगळं स्वप्न होतं' : ही फसवणूक नाही का?

उंबरठा
गेल्या आठवड्यात धाकट्या भावाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आता तो बरा आहे, त्यामुळे काळजीचे प्रतिसाद नकोत. रात्री उशाशी बसायची पाळी माझी होती. वॉर्डात दिवे मंद, मोबाईलचा आवाज बंद आणि झोपायला मनाई. आवाज न लावता काय बघता येईल असा विचार करताना डोक्यात आलं, की ज्यांना आवाजच नाही असे सिनेमे आहेत की!

असा 'गुड नाइट, नर्स!' हाती लागला. १९१८ सालचा, दोन रिळांचा अमेरिकन लघुपट. दिग्दर्शक आणि नायक रॉस्को आर्बकल, पडद्यावरचा 'फॅटी'. सोबत तरुण बस्टर कीटन. नायक पक्का दारुडा. धो धो पावसात औषधाच्या दुकानाबाहेर सिगारेट पेटवायची त्याची खटपट चाललेली असते. पुढे तो रस्त्यावरच्या बाजावाल्याला माकडासकट घरी घेऊन येतो आणि बायकोचा संयम संपतो. एका आरोग्यधामात ऑपरेशन करून दारू सोडवतात असं तिच्या वाचनात येतं आणि ती याची रवानगी तिथे करते. आरोग्यधामाचं नाव काय, तर 'नो होप'!

दारात स्वागताला सर्जन येतो तो रक्ताने माखलेला अॅप्रन घालून. हा कीटन. मी तिथे इतकी हसले की नर्सताई बघायला आल्या. मग नायक थर्मामीटरच खाऊन टाकतो, त्याला टेबलावर घेतात, भुलीसाठी ईथर हुंगवतात. पुढे पळापळ, उशांची मारामारी, नर्सच्या वेशात पलायन, बाहेर वजनदारांची धावण्याची शर्यत, आणि ती हा जिंकतो. आणि मग? मग तो टेबलावर जागा होतो. ईथरच्या गुंगीत पडलेलं स्वप्न!

मला खरंच राग आला. रात्री दोन वाजता कोणाशी भांडणार, म्हणून इथे आले. तुम्हाला काय वाटतं, 'स्वप्न होतं' हा शेवट म्हणजे लेखकाने हात वर करणं नाही का?

खुळखुळा
रात्री दोन वाजता वॉर्डात खदाखदा हसणाऱ्या बाईला त्यांनी वॉर्डातच ठेवलं, दुसऱ्या इमारतीत हलवलं नाही, हेच विशेष.

चिमटा
अॅप्रन पाहून हसलात? भावाच्या सर्जनचा अॅप्रन तपासला होतात ना?

तिरकाडोळा
फसवणूकच. शाळेत निबंध जमेनासा झाला की आम्ही शेवटी लिहायचो, 'इतक्यात आईने हाक मारली आणि मी जागा झालो.' बाई दहापैकी तीन द्यायच्या. आर्बकललाही तीनच.

मधलीओळ
तिरकाडोळा, निबंधात तुम्ही काहीतरी थोर सांगत होतात आणि मधेच सोडून दिलंत. इथे मुळात काही सांगायचंच नाहीये. धोतऱ्याच्या झाडाला आंबे का लागले नाहीत, असं विचारण्यातला प्रकार. दोन रिळांच्या विनोदपटाचा शेवट ही दाराची कडी असते. ती लागली की झालं.

तिरकाडोळा
कडी लागायला दार तरी हवं ना! इथे भिंतच स्वप्नातली निघाली.

रिळवाला
वा, धागा आवडला. शेवटाबद्दल नंतर लिहितो, आधी माझं आवडतं दळण.

धागाकर्तीने तो कितीचा पाहिला? इंटरनेटवर वेगवेगळ्या लांबीच्या प्रती फिरतात आणि त्याचं एक कारण गणितात आहे. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम. हजार फुटांचं रीळ म्हणजे १६,००० फ्रेम. सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगाने दाखवलं तर ते १६ मिनिटं ४० सेकंद चालतं. तेच बोलपटांच्या २४ फ्रेमच्या वेगाने फिरवलं की ११ मिनिटं आणि काही सेकंदांत संपतं. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालवत, त्यामुळे एकच असा पक्का वेग नव्हताच. विनोदपटात कॅमेरामन मुद्दाम थोडं सावकाश फिरवायचे, म्हणजे पडद्यावर माणसं लगबगीने पळताना दिसत. ती लगबग हवी तेवढीच असते. पण त्यावर आपण पुन्हा चुकीच्या वेगाने दाखवलं की सगळे शेपटीला फटाके लावल्यासारखे धावतात आणि लोक म्हणतात, 'जुने सिनेमे असेच असायचे.' असे नसायचे हो.

दुसरं, त्या अॅप्रनवरचं रक्त काळंकुट्ट दिसतं ना? त्या काळची सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल जे जे असेल ते काळं उमटायचं. त्यामुळे अॅप्रनवर खरंखुरं लाल काही असलं काय आणि डांबर असलं काय, प्रेक्षकाला सारखंच.

उंबरठा
@रिळवाला, मी पाहिलेली प्रत पंचवीस मिनिटांच्या आसपास होती. पळापळ बघताना दम लागला नाही, म्हणजे वेग ठीक असावा. रक्ताचं माहीत नव्हतं, पण काळं असल्यामुळेच हसू आलं असणार. लाल असतं तर त्या रात्री तरी नसतं आलं.

नवखी
हाच का तो, ज्यात एकाचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला असतो, मित्र भेटायला येतो आणि दोरीच्या टोकाला अडकून डॉक्टर खिडकीबाहेर लोंबकळतो? लहानपणी पाहिलाय. जाम हसलो होतो सगळे.

रिळवाला
नाही, तो लॉरेल-हार्डीचा 'काउंटी हॉस्पिटल', १९३२ चा. तो बोलपट आहे. तुम्ही आवाज बंद करून पाहिला असेल तर गोष्ट वेगळी :) पण तुम्हाला संवाद एकही आठवत नाहीये, डॉक्टर मात्र लोंबकळतो आहे. अशा विनोदात भाषेचं काम किती कमी, ते यावरूनच कळतं.

सिस्टरआक्का
मी पस्तीस वर्षं नर्स होते, आता निवृत्त. धागा वाचून लेकाला सांगितलं, लावून दे. पाहिला.

आधी थर्मामीटरबद्दल. काचेचे, पाऱ्याचे थर्मामीटर आमच्या हातून हजारोंनी गेले. प्रत्येक पेशंटला एकच मंत्र : जिभेखाली धरा, ओठ मिटा, चावू नका, बोलू नका. आणि हे सांगून पाठ वळवली की तो हमखास बोलायचा. एका आजोबांनी तर 'किती वेळ?' हे विचारायला तो काढून खिशात ठेवला आणि नंतर विसरून त्याच कुशीवर झोपले. काच मिळाली, पारा बिछान्यात. तो पारा गोळा करताना आम्ही तिघी जमिनीवर रांगत होतो. कोणी शूटिंग केलं असतं तर या सिनेमापेक्षा बरं झालं असतं.

आता राग येणारी गोष्ट. नर्स म्हणजे एक तर धिप्पाड खाष्ट बाई, नाहीतर डॉक्टरने मागे लागावं अशी नाजूक पोरगी. १९१८ मध्ये हेच आणि नंतरही तेच. बारा तासांच्या ड्यूटीत पाय कसे सुजतात ते एकालाही दाखवावंसं वाटलं नाही. तरी एक कबूल करते. तो जाडा नर्सचा वेश करून कॉरिडॉरमध्ये येतो आणि तो बारका डॉक्टर त्याच्यावर लाइन मारतो, दोघं लाजतात, मुरकतात, तिथे मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. लेक म्हणाला, आई, तुझा राग गेला वाटतं. म्हटलं, राग आहेच. तो हसून झाल्यावर परत येईल.

मधलीओळ
आक्का, तुमचा पारा वाचून हसून हसून पुरेवाट.

त्या कॉरिडॉरच्या प्रसंगाबद्दल थोडं लिहायलाच हवं. बस्टर कीटन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो दगडी चेहरा. जग कोसळलं तरी रेष हलत नाही असा. पण आर्बकलबरोबरच्या सुरुवातीच्या पटांत तो चेहरा अजून घडलेला नाही. इथे तो हसतो, लाजतो, अंगाला वेळोखे देतो. ज्यांनी त्याचे पुढचे सिनेमे पाहिलेत त्यांना हे पाहताना चुकल्यासारखं वाटतं, कडक मास्तरांचा कॉलेजातला फोटो सापडावा तसं.

त्यात दोघांची वजनं बघा. आर्बकल एवढा मोठा, पण बाईच्या वेशात हलका होतो. पावलं, मनगटं, मान, सगळं नाजूक. आणि बारका कीटन पुरुषीपणाचा आव आणून जड होतो. शरीरं तीच, वजनांची अदलाबदल. संवाद असते तर हे लक्षातही आलं नसतं. आपण कोण काय बोलला ते ऐकत बसलो असतो.

चिमटा
'वेळोखे'? आळोखेपिळोखे माहीत होते, वेळोखे पहिल्यांदाच पाहिले.

मधलीओळ
आळोखेपिळोखे आणि वेळावणे यांची टक्कर झाली. स्लॅपस्टिकच्या, म्हणजे आदळआपटीच्या विनोदाच्या, धाग्यावर चालून जावं.

खुळखुळा
शब्दांवरून आठवलं, स्लॅपस्टिक हा शब्द खऱ्याखुऱ्या काठीवरून आलाय ना?

मधलीओळ
हो. इटलीतल्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकांत, कोमेदिया देल्लार्तेमध्ये, विदूषकाच्या हातात दोन पातळ फळ्या जोडलेलं दांडकं असायचं. मारलं की फळी फळीवर आपटून मोठा 'फाट्' आवाज, आणि मार खाणाऱ्याला फारसं लागत नाही. इंग्रजीत त्या दांडक्याचं नाव या सगळ्या विनोदप्रकाराला चिकटलं. गंमत म्हणजे काठीची सगळी करामत आवाजात, आणि तिचं नाव लावलेला प्रकार भरभराटीला आला तो आवाज नसलेल्या पडद्यावर.

तिरकाडोळा
सगळे गोडगोड लिहिताहेत म्हणून थोडं कडू लिहितो. दारू हा आजार आहे. आजारी माणसाला बायको फसवून नेते, तिथे रक्ताळलेले लोक त्याला पकडून कापतात, आणि तिथेच एक वेडसर मुलगी आहे, आता शहाणी तर आता वेडी, आणि तिच्यावरही आपण हसायचं. रुग्णांवर हसण्याइतकं सोपं काही नाही. शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सूट द्यायची का?

रिळवाला
मुद्दा रास्त आहे. अॅलिस लेकने केलेल्या त्या मुलीपुरता तर पूर्ण मान्य. ते बघताना मलाही अवघडतं.

पण दारूच्या बाबतीत मला वाटतं, हसू रोग्यावर कमी आणि इलाजावर जास्त आहे. त्या काळच्या अमेरिकेत दारू सोडवणारे रामबाण उपाय हा तेजीतला धंदा होता. लेस्ली कीली नावाच्या डॉक्टरने १८७९ मध्ये इलिनॉयमधल्या ड्वाइट गावात 'सुवर्ण उपचार' सुरू केला. सोन्याच्या क्षाराची म्हणून इंजेक्शनं द्यायचे. पुढे त्याच्या शाखा देशभर निघाल्या आणि लोक रांगा लावून जायचे. वर तो काळ दारूबंदीच्या चळवळीचा. हा पट जुलै १९१८ चा, दारूबंदीच्या घटनादुरुस्तीला पुरेशा राज्यांची मंजुरी मिळाली जानेवारी १९१९ मध्ये, अंमल जानेवारी १९२० पासून. म्हणजे थिएटरातल्या प्रत्येकाच्या ओळखीत असा एक तरी 'सोडवायला नेलेला' असणार. 'नो होप' ही पाटी बघून ते कोणाला हसत होते ते उघड आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ मध्ये, चॅप्लिनने 'द क्युअर' केला. त्यातही दारुडा, तिथेही आरोग्यधाम, औषधी पाण्याचा झरा. याच्या बॅगेतली दारू त्या झऱ्यात ओतली जाते आणि पथ्यपाणी करायला आलेली सगळी प्रतिष्ठित मंडळी झिंगतात. रोगी एकटा धडधाकट! हसू नेमकं कोणावर?

तिरकाडोळा
ठीक. साडेचार गुण देतो. त्या मुलीचे दीड कापले.

सिस्टरआक्का
तिरकाडोळा यांच्याशी मी सहमत आहे. मनोरुग्णांच्या वॉर्डात दोन वर्षं काढलीत. तिथेही हसतात हो, पेशंटच हसतात, आमच्यावर. नकला तर अशा करायचे की आमच्या मेट्रनची चाल मला अजून तिच्यापेक्षा त्या एका बाईंमुळे आठवते. पण ते हसणं आतून यायचं. बाहेरून काचेवर नाक लावून हसणं वेगळं.

अर्धाकप
मी चार वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. हॉस्पिटलमध्ये स्लॅपस्टिक मुद्दाम आणावं लागत नाही, हे स्वानुभवाने सांगतो.

हर्नियाच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. अंगात तो पाठीमागे बांधायचे बंद असलेला हिरवा झगा. वरचा बंद तुटलेला, खालचा माझ्या हाताला पोचत नाही. एका हातात सुई, तिला नळी, नळी सलाइनच्या बाटलीला, बाटली चाकाच्या स्टँडवर. मला बाथरूमला जायचं होतं. सिस्टरनी दहा मिनिटं थांबायला सांगितलं होतं. मी थांबलो नाही.

एका हाताने स्टँड ढकलायचा, दुसऱ्याने मागून झगा आवळून धरायचा. हात दोन, कामं दोन, हिशेब चोख. पण स्टँडच्या एका चाकाचा ओढा डावीकडे. मी सरळ, स्टँड डावीकडे, आमची दोघांची रस्सीखेच चालू. तेवढ्यात झग्याचं टोक त्या चाकात गेलं. आता स्टँड पुढे गेला की झगाही पुढे जातो, म्हणजे मागचं दार उघडतं. स्टँड मागे घ्यावा तर तो भिंतीकडे वळतो. मी तसाच खेकड्यासारखा, पाठ भिंतीला लावून, इंच इंच सरकायला लागलो. भिंत होती तोवर अब्रू होती. आणि मग भिंत संपली. पुढे लिफ्ट.

लिफ्टचं दार उघडलं. आत आमचे साहेब! हातात पुष्पगुच्छ, मागे ऑफिसातले चार जण. ओळखीचं माणूस दिसलं की माझा हात आपोआप वर जातो, बावीस वर्षांची नोकरी आहे. सुई असलेला हात स्टँडवर होता. वर गेला तो दुसरा.

साहेब चांगला माणूस. म्हणाले, 'बरे दिसताय.'

टाके ताजे होते, हसता येत नव्हतं. बाकीच्यांना येत होतं.

खुळखुळा
'भिंत होती तोवर अब्रू होती.' __/\__ मी खुर्चीतून खाली.

चिमटा
'बरे दिसताय' की 'बरेच दिसताय'?

उंबरठा
अर्धाकप, चार वर्षं हे पोटात ठेवून बसलात? भावाला वाचून दाखवणार नाही, त्याचे टाकेही ताजेच आहेत.

मधलीओळ
अर्धाकप यांच्या किश्श्याची रचना बघा. 'हात दोन, कामं दोन' इथे सगळं आधीच ठरलंय. मग एकेक करून एकेक आधार काढून घेतला. आर्बकलसुद्धा हेच करतो. पावसातल्या त्या सुरुवातीत त्याला बिचाऱ्याला हवंय काय, तर एक सिगारेट. आणि वारा, पाऊस, छत्री उलटी झालेली बाई, सगळं जग त्याच्या एका काडीवर उठलेलं. ती छत्रीवाली बाईसुद्धा कीटनच आहे बरं का. काटकसर.

नवखी
मला एक कळत नाही. चॅप्लिन सगळ्यांना माहीत, लॉरेल-हार्डी माहीत, कीटनही ऐकलाय. हा आर्बकल मी या धाग्यावर पहिल्यांदा ऐकला. एवढा चांगला होता तर गेला कुठे?

रिळवाला
दुःखद कहाणी आहे, थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलातल्या पार्टीनंतर व्हर्जिनिया रॅप ही अभिनेत्री वारली आणि आर्बकलवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला गेला. दोनदा ज्यूरींचं एकमत झालं नाही. तिसऱ्या ज्यूरीने एप्रिल १९२२ मध्ये त्याला काही मिनिटांतच निर्दोष सोडलं, वर त्याच्यावर अन्याय झाला असं लेखी निवेदन दिलं. तरीही त्याच महिन्यात त्याच्या चित्रपटांवर बंदी आली. ती पुढे उठली, पण वृत्तपत्रांनी रंगवलेला राक्षस लोकांच्या डोक्यातून गेला नाही. पुढची अनेक वर्षं तो विल्यम गुडरिच या नावाने दिग्दर्शन करत राहिला. १९३३ मध्ये गेला.

'फॅटी' हे नाव त्याला पडद्याबाहेर आवडायचं नाही. म्हणून मी रॉस्को म्हणतो. कीटन त्याच्या बाजूने शेवटपर्यंत उभा राहिला. १९१७ ते १९२० या काळात दोघांनी एकत्र चौदा लघुपट केले, मध्ये कीटन सैन्यात जाऊन फ्रान्सला राहून आला तेवढा काळ सोडून. कीटनला कॅमेऱ्याची गोडी लागली ती रॉस्कोच्याच स्टुडिओत.

तिरकाडोळा
हे माहीत नव्हतं. गुण वाढवत नाही, पण पेन खाली ठेवतो.

खुळखुळा
या मंडळींना स्वतःला हॉस्पिटल किती वेळा लागलं असेल, हाही एक धागा होईल. पडतात ते खरंच पडतात ना?

रिळवाला
खरंच. १९२४ च्या एका सिनेमात रेल्वेच्या पाण्याच्या नळाची धार कीटनच्या अंगावर कोसळली आणि मान रुळावर आपटली. डोकं दुखतंय म्हणून थोडा आराम केला आणि पुन्हा कामाला. मानेचं हाड मोडलं होतं हे काही वर्षांनी एका डॉक्टरला एक्स-रेत दिसलं. हॅरॉल्ड लॉइडचं तर १९१९ मध्ये, फोटो काढताना हातात धरलेला नकली बॉम्ब खरा निघाला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पुढे तो इमारतीवर लोंबकळतो ते हातमोज्यात नकली बोटं घालून.

चिमटा
आणि आम्ही झग्याचा बंद तुटला म्हणून तक्रार करतो.

अर्धाकप
बंद वरचा होता. महत्त्वाचा खालचा.

भूलथापा
दोन दिवस ड्यूटी होती, आत्ता धागा पाहिला. मी भूलतज्ज्ञ आहे. 'ईथरच्या गुंगीत स्वप्न पडलं म्हणजे फसवणूक' हे वाचून राहवेना, कारण माझ्या मते संपूर्ण पटात वैद्यकीयदृष्ट्या सगळ्यात पटणारी गोष्ट तीच आहे. बाकी सगळं झूट. काचेचं सोडा, पण धातूच्या रूपातला पारा आतड्यातून फारसा शोषलाही जात नाही. थर्मामीटरमधला पारा गिळला म्हणून कोणी धावत टेबलावर घेत नाही.

आता ईथर. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने ते जाहीरपणे देऊन दाखवलं. त्यानंतर पुढची कित्येक दशकं भूल म्हणजे मुख्यतः ईथर नाहीतर क्लोरोफॉर्म. आज आम्ही शिरेतून औषध देतो, पेशंट आकडे मोजत असेल तर दहाच्या आत गप्प होतो. ईथरचं तसं नाही. नाकातोंडावर जाळीचा मास्क, त्यावर थेंब थेंब सोडायचं. वास उग्र, घसा खवखवतो, आणि माणूस सावकाश, पायरी पायरीने खाली उतरतो.

त्या पायऱ्या आर्थर गुडेल या अमेरिकन डॉक्टरने मांडल्या. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये भूल देणारे कमी आणि जखमी अमाप. म्हणून त्याने डोळ्यांची हालचाल, श्वास, स्नायू यांवरून पेशंट कुठल्या पायरीवर आहे ते ओळखायचा तक्ता केला आणि अर्धवट शिकवलेल्या लोकांच्या हाती दिला. मोटरसायकलवरून या तंबूतून त्या तंबूत जाऊन तो देखरेख करायचा. म्हणजे हा पट बनत होता, साधारण त्याच काळात.

त्यातली दुसरी पायरी ऐका. शुद्ध गेलेली असते, पण शरीर शांत झालेलं नसतं. माणूस ओरडतो, हातपाय झाडतो, उठून पळू बघतो, चारचौघांना ढकलतो. टेबलाला पट्टे उगाच नव्हते. आणि शुद्धीवर आल्यावर त्याला यातलं काही आठवत नाही, आठवली तर चित्रविचित्र स्वप्नं. आता सांगा, मारामारी, कपड्यांची अदलाबदल, धावणं, मागे लागलेले डॉक्टर, हे काय आहे? तो जाडा टेबलावर दुसऱ्या पायरीवर झगडतोय, आणि आपण ते आतून बघतोय.

त्या काळच्या प्रेक्षकांत ईथर घेतलेली माणसं भरपूर असणार. त्यांना शेवटी 'अरे, स्वप्न होतं!' असा धक्का बसला नसेल. ती म्हणाली असतील, 'हो हो, असंच होतं.'

मधलीओळ
सदस्यनाम भूलथापा आणि प्रतिसाद असा! वाचनखूण साठवली.

सिस्टरआक्का
डॉक्टर, ईथरचा वास माझ्या सुरुवातीच्या काळात अजून होता. साडीला लागला की घरी जाईपर्यंत बसमध्ये शेजारची जागा रिकामी. आणि त्या पायरीचं अगदी खरं. एका काटकुळ्या मास्तरांना धरायला आम्ही पाच जण होतो. शुद्धीवर आल्यावर तेच मास्तर हळू आवाजात विचारतात, 'माझ्यामुळे काही त्रास झाला नाही ना?'

तिरकाडोळा
एक शंका. डॉक्टरांचं स्पष्टीकरण आजच्या माणसाला धाग्यावर वाचून कळतं. पडद्यावर त्याची काही खूण आहे का? नसेल तर तो तुमचा मोठेपणा, आर्बकलचा नाही.

भूलथापा
मास्क आहे ना. तीच खूण.

उंबरठा
काल रात्री पुन्हा पाहिला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ईथरचा मास्क नुसता एक विनोद म्हणून सोडून दिला होता. यावेळी तिथून पुढे डोळे लावून बसले. 'आता स्वप्न सुरू' असं सांगणारी पाटी नाही, धूसर होणं नाही, निदान मला तरी सापडलं नाही. टेबलावरून पळापळ सुरू, सरळ. आधीही रक्ताळलेला सर्जन आणि वेडी मुलगी, नंतरही तेच. सांधा दिसतच नाही. पहिल्यांदा मला राग आला तो सांधा चुकला म्हणून. आता वाटतंय, दिसू नये म्हणूनच तसा ठेवलाय.

तरी पूर्ण समाधान नाही. तो शर्यत जिंकतो तेव्हा मी खरंच खूश झाले होते. वॉर्डात बसून कोणीतरी हॉस्पिटलमधून पळून गेलेलं बघायला बरं वाटतं. ते काढून घेतलं ना.

खुळखुळा
पळून गेला असता तर जाणार कुठे? घरी. घरी कोण? बायको. पुन्हा 'नो होप'.

रिळवाला
उशिरा का होईना, मूळ प्रश्नावर माझं मत. मी 'फसवणूक नाही' म्हणणार होतो. पण उंबरठा यांचं हे शेवटचं वाक्य वाचून मत बदललं. फसवणूक आहे, आणि ती त्याचीही झालीय. आपल्याबरोबर तोही जिंकला होता.

तिरकाडोळा
म्हणजे मी पहिल्यापासून बरोबर होतो. नोंद घ्यावी.

सिस्टरआक्का
भाऊ कसा आहे ते एकदा लिही गं. काळजीचे प्रतिसाद नकोत म्हणालीस म्हणून इतके दिवस गप्प बसले.

उंबरठा
आक्का, छान आहे. काल घरी आणलं. आल्या आल्या म्हणाला, तू रात्री कशावर हसत होतीस ते दाखव. दाखवला. अॅप्रनपर्यंत उशी पोटाशी धरून कण्हत कण्हत हसला. कॉरिडॉरच्या प्रसंगाला 'बंद कर, बंद कर' म्हणून ओरडला. मी बंद करायला गेले तर म्हणे, 'थांब, निसटतो का ते बघू दे.' शर्यत जिंकल्यावर मात्र खरंच टाके ओढले गेले आणि आईने येऊन मोबाईल काढून घेतला.

शेवट त्याने पाहिलेलाच नाही. झोपताना म्हणाला, 'जाड्या सुटला एकदाचा.' मी काही बोलले नाही.

चिमटा
टाके कधी निघणार?

उंबरठा
गुरुवारी. मोबाईल आईकडेच आहे.